बोलावणं सोपं, निरोप कुणी द्यायचा?

हिंजवडीत किंवा खराडीत आयटी प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या माणसाचं मायक्रोसॉफ्ट टीम्स उघडून पाहिलं, तर त्यात बहुधा एकाहून अधिक संस्थांची नावं दिसतात. एक त्याला पगार देणारी कंपनी, बाकीच्या क्लायंटच्या. आणि तिथे त्याची ओळख ‘गेस्ट’ एवढीच. चाकणच्या कारखान्यात नेमकं उलट चित्र असतं. तिथे सुट्या भागाचं ड्रॉइंग बाहेरच्या टूलरूमला दाखवायचं असतं, सीएच्या ऑफिसातून आलेल्या आर्टिकल क्लार्कला खाती बघू द्यायची असतात, ईआरपी बसवून देणाऱ्या सल्लागाराला चर्चेत घ्यायचं असतं. आपल्याकडे हा प्रश्न दोन्ही अंगांनी रोजचा आहे. आपण पाहुणेही आहोत आणि यजमानही. तरी त्यावर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक यजमान कंपनीच्या अॅडमिनसाठी, आणि त्यातही माणसाला आत घेताना त्याची ओळख कशी पटवायची एवढ्यापुरतं. ओळख पटवण्याची साधनं गेल्या दहा वर्षांत खूप सुधारली. काम संपल्यावर त्या माणसाचा प्रवेश कुणी काढून घ्यायचा, हे काम मात्र बहुतेक कंपन्यांत कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे.

आधी हे सगळं ईमेलवर चालायचं. फाइल जोडून पाठवली की ती गेली. परत मागवता येत नसे आणि समोरच्यानं ती पुढे कुणाला दिली हेही कळत नसे. कामाच्या संभाषणासाठीचं स्लॅक 2014 मध्ये बाजारात आलं, टीम्स 2017 मध्ये. त्यानंतर बोलणं, फाइल आणि कामाची यादी एकाच जागी राहू लागली. मग बाहेरच्या माणसालाही त्या जागी आणणं ओघानंच आलं. टीम्समध्ये गेस्टची सोय सप्टेंबर 2017 मध्ये आली. सुरुवातीला ती ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचं ऑफिस खातं आहे त्यांच्यापुरती होती. 2018 च्या सुरुवातीला कोणत्याही ईमेल पत्त्याला आमंत्रण धाडता येऊ लागलं. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ज्या संस्थांनी ही सोय बंद की सुरू हे ठरवलंच नव्हतं, त्यांच्याकडे ती आपोआप सुरू केली. हा बदल वरकरणी लहान आहे. पण त्याआधी बाहेरच्यांना आत घ्यायचं असेल तर अॅडमिनला निर्णय घ्यावा लागे. त्यानंतर घ्यायचं नसेल तर निर्णय घ्यावा लागतो. ज्या छोट्या कंपनीत पूर्णवेळ अॅडमिन नाही, संगणक बसवून देणारा माणूसच हे खातं बघतो, तिथे असा निर्णय कधी होतच नाही.

बाहेरच्या माणसाला आत आणण्याचे मार्ग आज मुख्यतः चार आहेत. गेस्ट खातं, दोन संस्थांमध्ये सामायिक असलेलं चॅनल, लिंक, आणि मीटिंगमध्ये नुसतं नाव टाकून येणं. शेवटच्या मार्गाचं लवकर आटोपता येतं. मार्च 2020 नंतर झूमच्या मीटिंगांमध्ये अनोळखी लोक घुसू लागले, आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयानं त्याच एप्रिलमध्ये झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली, आणि झूमनं पासवर्ड व प्रतीक्षा कक्ष मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. प्रतीक्षा कक्षात थांबलेल्याला यजमानानं नाव बघून आत घ्यायचं, हा उपाय साधा आहे आणि पुष्कळसा पुरतो.

लिंकचं तसं नाही. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडला की ओळखीचा प्रश्नच निकालात निघतो. लिंक ज्याच्या हाती, तो पाहुणा. 2018 मध्ये एका तरुण भारतीय सुरक्षा-संशोधकाला ट्रेलो या कामाच्या याद्या ठेवण्याच्या साधनावरचे संयुक्त राष्ट्रांचे बोर्ड साध्या शोधातून सापडले. ते सार्वजनिक ठेवले गेले होते आणि त्यांवर अंतर्गत कागदपत्रांच्या लिंक व पासवर्डही होते. तिथे कुणी कुलूप तोडलं नव्हतं. कुणीतरी सहकाऱ्याची सोय व्हावी म्हणून सर्वात सोपा पर्याय निवडला होता, इतकंच. लिंकला मुदत घालता येते, ती ठरावीक पत्त्यांपुरती ठेवता येते, गूगल ड्राइव्हमध्ये गूगल खातं नसलेल्याला ईमेलवर पिन पाठवून पडताळता येतं. ज्या फाइलमध्ये माणसांची नावं, पगार, आधार क्रमांक किंवा दर आहेत तिच्यासाठी खुली लिंक कधीच काढू नये, या नियमाला मी तरी अपवाद मानत नाही.

खरा विचार करावा लागतो तो गेस्ट खात्याचा. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत पाहुण्याचा पासवर्ड यजमानाकडे नसतो. पाहुणा त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या खात्यानं ओळख पटवतो आणि यजमानाच्या यादीत त्याच्या नावाची फक्त एक नोंद राहते. यात मोठा फायदा आहे. त्यानं स्वतःची कंपनी सोडली, तिथे त्याचं खातं बंद झालं, की यजमानाकडचा प्रवेशही आपोआप थांबतो. ओळख पटवून देणारंच कुणी उरत नाही. यजमानाकडची नोंद तशीच पडून राहते, पण तिचा उपयोग करता येत नाही.

आता हाच पाहुणा जीमेलच्या पत्त्यावर बोलावला आहे असं धरा. आपल्याकडचे आर्किटेक्ट, स्वतंत्र डिझायनर, भाषांतरकार, छोटे कंत्राटदार, सल्लागार यांतले पुष्कळजण वैयक्तिक पत्त्यावरच काम करतात. काही छोट्या फर्ममध्ये तर एकच जीमेल सगळ्यांना मिळून असतं. अशा पत्त्याला ईमेलवर एकदाच चालणारा कोड पाठवून आत घेतलं जातं. कोड अर्ध्या तासात बाद होतो, हे चांगलंच. पण तो पत्ता कंपनीचा नसल्यामुळे माणूस नोकरी सोडून गेला तरी पत्ता जिवंत राहतो, आणि पत्ता जिवंत आहे तोवर नवा कोड मिळत राहतो. कुठल्याही एचआरला, कुठल्याही यंत्रणेला त्याचा पत्ता लागत नाही. जे पाहुणे सगळ्यात कमी बांधलेले, नेमक्या त्यांच्याच बाबतीत निरोपाची आपोआप व्यवस्था नाही. गेस्टच्या यादीत आधी काय तपासायचं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, वैयक्तिक पत्ते वेगळे काढा आणि प्रत्येकासमोर त्याला बोलावणाऱ्याचं नाव लिहा. जिथे नाव लिहिता येत नाही, तो प्रवेश त्याच दिवशी बंद करा.

स्लॅकची रचना वेगळी. तिथला गेस्ट यजमानाच्याच वर्कस्पेसचा मर्यादित सदस्य असतो: एक चॅनल बघणारा, किंवा अनेक चॅनलं बघणारा. एका चॅनलवाले पाहुणे दर पैसे भरणाऱ्या सदस्यामागे पाचपर्यंत फुकट मिळतात, अनेक चॅनलवाल्याचे पैसे पूर्ण सदस्याइतके पडतात. हा हिशेब सुरक्षेच्या चर्चेत क्वचित येतो, पण यायला हवा. जागा महाग पडते म्हणून क्लायंट व्हेंडरला मोजकीच खाती देतो, आणि मग पाळीत काम करणारी तीन-चार माणसं एकच खातं वापरतात. कागदोपत्री एक पाहुणा, प्रत्यक्षात चार. उद्या काही झालं तर नोंद एका माणसाकडे बोट दाखवील, आणि तो त्या वेळी घरी झोपलेला असेल. इथे व्हेंडरच्या बाजूच्या तरुण पोरांवर अन्याय होऊ शकतो. म्हणून सामायिक खात्याला नकार देण्याचा हक्क त्यांच्या कंपनीनं करारातच मागून घ्यायला हवा.

दोन संस्थांचं सामायिक चॅनल हा याहून नवा मार्ग. स्लॅक कनेक्ट जून 2020 मध्ये आलं, टीम्सची शेअर्ड चॅनलं 2022 मध्ये सर्वांना मिळाली. यात कुणीच कुणाच्या घरी राहायला जात नाही; प्रत्येकजण आपापल्या कंपनीत बसून एकाच चॅनलमध्ये बोलतो, आणि आपल्या माणसांवरचा ताबा ज्याच्या त्याच्या कंपनीकडे राहतो. टीम्समध्ये त्यासाठी दोन्हीकडच्या अॅडमिननी एकमेकांना मान्यता द्यावी लागते. मुळात ती बंद असते. दीर्घकाळ एकत्र काम करणाऱ्या दोन संस्थांसाठी हा मार्ग मला सर्वात प्रामाणिक वाटतो, कारण इथे संबंध संस्थांचा आहे आणि जबाबदारीही संस्थांची. पण चार महिन्यांसाठी आलेल्या एकट्या सल्लागाराला त्याचा उपयोग नाही.

स्लॅकनं कनेक्टच्याच सोयीतून मार्च 2021 मध्ये कुणालाही बाहेरून थेट निरोप पाठवायचं दार उघडलं. आमंत्रणासोबत आपल्या मनाचा मजकूर जोडता येत होता आणि तो समोरच्याच्या ईमेलमध्ये थेट पोचत होता. त्रास देणाऱ्याला आणखी काय हवं? पहिल्याच दिवशी टीका झाली आणि मजकूर जोडायची सोय कंपनीनं लगेच काढून घेतली. पाहुण्यापासून यजमानाचं रक्षण करण्यात सगळी बुद्धी खर्च होते, पण आमंत्रण हेच एखाद्याच्या अंगावर येऊ शकतं याचा विचार झाला नव्हता.

आणखी एक फरक समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टीम्समध्ये गेस्ट म्हणून आत येणं वेगळं आणि बाहेरूनच गप्पा मारणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात माणूस आपल्या यादीत येत नाही, त्याला फाइल दिसत नाहीत. तो फक्त निरोप पाठवतो किंवा कॉल करतो. निरुपद्रवी वाटतं. ऑगस्ट 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की मिडनाइट ब्लिझार्ड या रशियन गटानं छोट्या कंपन्यांची खाती बळकावून, त्यांना तांत्रिक मदत कक्षासारखी नावं देऊन, टीम्सवरून लोकांना गाठलं आणि फोनवरच्या दुहेरी पडताळणीला होकार द्यायला लावला. 40 पेक्षा कमी संस्थांना झळ पोचली, पण त्यांत सरकारी संस्थाही होत्या. 2024 मध्ये ब्लॅक बास्टा या खंडणीखोर टोळीनं ही रीत आणखी पुढे नेली. आधी माणसाच्या मेलबॉक्सवर हजारो फालतू मेलांचा मारा करायचा, तो वैतागला की टीम्सवर ‘आयटी हेल्प डेस्क’ म्हणून हजर व्हायचं आणि मदतीच्या नावाखाली त्याचा संगणक ताब्यात घ्यायचा. या पाहुण्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ज्या मोजक्या संस्थांशी खरोखर काम आहे तेवढ्यांच्याच डोमेनना बाहेरून बोलायची परवानगी द्यावी, हा उपाय यावर बराच गुण देतो आणि त्याला एक दुपार पुरते.

आत आलेल्या पाहुण्याला किती दिसतं, याबद्दल यजमानांचे अंदाज फार चुकतात. खाती आणि ओळख सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा आयडीत मूळ मांडणी अशी, की कंपनीतला कुणीही आमंत्रण देऊ शकतो, आणि गेस्टही दुसऱ्या गेस्टला बोलावू शकतो. बोलावलेल्यानं आणखी कुणाला बोलावलं, हे मूळ यजमानाला शोधल्याशिवाय कळत नाही. ऑगस्ट 2023 च्या ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत संशोधक मायकेल बारगुरी यांनी दाखवलं, की नुसतं गेस्ट खातं हाती असताना पॉवर अॅप्स या मायक्रोसॉफ्टच्याच साधनाच्या वाटेनं कंपनीच्या डेटाबेसपर्यंत पोचता येतं. कारण कर्मचाऱ्यांनी आपली जोडणी ‘कंपनीतल्या सगळ्यांसाठी’ खुली केलेली असते, आणि त्या ‘सगळ्यांत’ गेस्टही धरले जातात. ‘सगळे’ हा पर्याय निवडताना ज्याच्या डोळ्यांपुढे शेजारच्या टेबलावरची माणसं होती, त्याला दोष देणं मला पटत नाही. ज्यांनी ही मांडणी केली त्यांनी ती तशी ठेवायला नको होती.

पाहुणा प्रामाणिक असतानाही त्याच्या हातून धोका येतो, याचे दाखले जुने आहेत. 2013 मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली, ती वातानुकूलन-शीतकरणाची कामं करणाऱ्या कंत्राटदाराचं खातं चोरून. जानेवारी 2022 मध्ये लॅप्सस या हॅकर गटानं ऑक्टा या ओळख पटवणाऱ्याच कंपनीला गाठलं, तेही ग्राहकसेवा पुरवणाऱ्या बाहेरच्या कंपनीच्या एका इंजिनिअरच्या संगणकातून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उबरच्या एका कंत्राटी माणसाच्या फोनवर पडताळणीच्या विनंत्यांचा भडिमार झाला. शेवटी त्यानं एक स्वीकारली, आणि घुसखोरानं उबरच्या स्लॅकवर स्वतःच आपल्या पराक्रमाची घोषणा केली. लॅप्ससची आणखी एक सवय मायक्रोसॉफ्टनं नोंदवली आहे: ज्या कंपनीवर हल्ला केला, तिच्या संकट-निवारणाच्या कॉलमध्ये जाऊन हे लोक बसत आणि आपल्याविरुद्ध काय ठरतंय ते ऐकत. भरलेल्या कॉलमध्ये अनोळखी नावाला ‘आपण कोण?’ असं विचारायला आपल्याकडे भीड वाटते. ती भीड इथे महागात पडते.

अनोळखी माणूस टाळायला नुसता ईमेल पत्ता तपासणंही पुरत नाही. फ्रान्सच्या सरकारनं आपल्या अधिकाऱ्यांसाठी टचॅप हे स्वतःचं संदेश-अॅप 2019 च्या एप्रिलमध्ये आणलं. फक्त सरकारी ईमेल असलेल्यालाच आत घ्यायचं, अशी अट. आधारच्या सुरक्षेवर सवाल उपस्थित केल्यामुळे आपल्याकडे ‘इलियट अल्डरसन’ या टोपणनावानं माहीत असलेल्या फ्रेंच संशोधकानं सुरुवातीलाच त्यात प्रवेश मिळवला. ईमेल पत्त्याच्या शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पत्ता चिकटवला आणि तपासणी करणारा कोड फसला. चूक लगेच दुरुस्त झाली. पुढे टचॅपमध्ये बाहेरच्यांसाठी वेगळी सोयही आली, पण त्यांना सरकारी माणसानंच बोलवावं लागतं. डोमेन बघून माणूस ओळखण्यापेक्षा त्याच्यामागे एक उत्तरदायी नाव उभं करणं, ही दिशा मला योग्य वाटते.

याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट मार्च 2025 मधली. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांच्या खात्यावरून येमेनमधल्या हल्ल्याच्या चर्चेसाठी सिग्नल या संदेश-अॅपवर केलेल्या गटात ‘द अटलांटिक’चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना घेतलं गेलं. सिग्नलचं कूटलेखन उत्तम आहे. ते कुणी फोडलं नाही, फोडायची गरजच पडली नाही. ज्या साधनात संस्था नाही, पदं नाहीत, बाहेरच्यावर ‘बाहेरचा’ अशी खूण नाही, तिथे देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसांनाही आपल्यात कोण बसलंय ते कळलं नाही. आपल्या कंपन्या, नगरपालिका आणि रुग्णालयं कामकाजाचे व्हॉट्सअॅप गट चालवतात तेव्हा त्यांची अवस्था हीच असते. माणूस बदली होऊन जातो, कंत्राट संपतं, आणि त्याचा नंबर गटात तसाच राहतो.

म्हणूनच गेस्ट प्रवेश सरसकट बंद करणं हा मला उपाय वाटत नाही. बँकांत आणि मोठ्या उद्योगांत असा आदेश निघतो तेव्हा काम थांबत नाही. ते व्हॉट्सअॅपवर आणि खासगी जीमेलवर सरकतं, म्हणजे जिथे कसलीच नोंद नाही तिथे. अधिकृत मार्ग अवघड केला की लोक अनधिकृत मार्ग धरतात. आमंत्रण दहा मिनिटांत मिळायला हवं, आणि ते मागताना कामाचं कारण व शेवटची तारीख लिहावीच लागायला हवी.

भारतीय कायद्याचा रोखही त्याच बाजूला आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत सांगावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. कुणाच्या नावाचं खातं कोण वापरत होतं हेच माहीत नसेल, तर 6 तासांत सांगणार काय? रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2023 मध्ये आयटी कामं बाहेर देण्याबद्दल जी नियमावली काढली, तिच्यात सेवा पुरवणाऱ्याच्या माणसांना ग्राहकांची माहिती कामापुरतीच दिसावी असं म्हटलं आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती बाहेरच्या संस्थेकडून हाताळून घेतली तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेचंच राहतं, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होतील. पाहुण्यांची यादी साफ करायला हा काळ चांगला आहे.

साधनं नाहीत असं नाही. स्लॅकमध्ये गेस्टच्या खात्याला शेवटची तारीख घालता येते. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे फाइल ठेवण्याच्या जागेत, पाहुण्याचा प्रवेश ठरावीक दिवसांनी आपोआप संपवता येतो. एन्ट्रामध्ये प्रत्येक गेस्टसमोर ‘प्रायोजक’ म्हणून बोलावणाऱ्याचं नाव राहू शकतं, आणि ठरावीक काळानं त्याला ‘हा अजून हवा का?’ असं विचारणारी तपासणी लावता येते. मात्र ही तपासणी वरच्या श्रेणीच्या परवान्यातच मिळते. आमंत्रण सगळ्यांना फुकट आणि निरोपाची शिस्त पैसे भरणाऱ्यालाच, ही गोष्ट मला मनापासून खटकते. ज्या छोट्या उद्योगांकडे अॅडमिन नाही, त्यांनाच ती सर्वात जास्त हवी आहे. ती मिळत नाही तोवर त्यांनी एक्सेलमध्ये तीन रकान्यांची यादी ठेवली तरी चालेल: पाहुणा, बोलावणारा, शेवटची तारीख. बोलावणारा स्वतः नोकरी सोडून जाईल तेव्हा त्याचे पाहुणे कुणाच्या नावावर करायचे, हे त्याच्या निरोपाच्या कागदांतच यायला हवं. अनाथ पाहुणे बहुतेक तिथेच तयार होतात.

पाहुण्याच्या बाजूनं एक-दोन गोष्टी. क्लायंटच्या टेनंटमध्ये, म्हणजे त्याच्या संस्थेच्या जागेत, असताना नियम क्लायंटचे चालतात. आपल्या कंपनीनं आपल्यासाठी लावलेलं संरक्षण तिथे सोबत येईलच असं नाही. म्हणून पुण्यातल्या सेवा-कंपन्यांनी आपली माणसं कुणाकुणाच्या घरी पाहुणी आहेत याची स्वतःची यादी ठेवावी, आणि माणूस सोडून गेला की क्लायंटला त्याच दिवशी कळवावं. दुसरं असं, की प्रवेश बंद होतो त्या क्षणी चॅनलमधलं सगळं संभाषण पाहुण्याच्या नजरेआड जातं, त्यानं स्वतः लिहिलेलंही. कामाचं श्रेय, दिलेली आश्वासनं, बदललेली मागणी, सगळा पुरावा यजमानाकडे राहतो. बिलावरून वाद झाला तर व्हेंडरकडे दाखवायला काही नसतं. महत्त्वाचे निर्णय ईमेलवर घेऊन ठेवण्याची जुनी सवय इथे शहाणपणाची आहे.

एका संस्थेतलं खातं बंद झाल्याची खबर दुसरीला आपोआप मिळावी, यासाठी ओपनआयडी फाउंडेशननं शेअर्ड सिग्नल्स नावाचं मानक तयार केलं आहे. ते सगळीकडे रुजलं तर बरीच भोकं बुजतील. पण खातं जिवंत आहे आणि काम मात्र संपलं, ही बातमी कोणतंही मानक देऊ शकत नाही. ती माहीत असते बोलावणाऱ्या मॅनेजरला आणि बिल चुकतं करणाऱ्या अकाउंट्स विभागाला. मॅनेजर पुढच्या प्रोजेक्टमध्ये गुंततो. अकाउंट्सवाले शेवटच्या बिलाशिवाय फाइल मिटवत नाहीत. त्यामुळे कंत्राटाचं शेवटचं बिल मंजूर होताना त्या व्हेंडरच्या गेस्ट खात्यांची यादी त्यासोबत जोडलेली असावी, आणि ती बंद झाल्याची सही झाल्याशिवाय पैसे सुटू नयेत. व्हेंडरला आपले पैसे हवे असतात. तो स्वतःच मागे लागून ती सही करून घेईल.